वस्तरा तर खरा

दाढी वाढवायला माणसाला काही करावं लागत नाही. ती एकाच मापाची ठेवायला मात्र मी लागतो. सिनेमातल्या माझ्या कामाची एवढी ओळख पुरे व्हावी, पण लोकांचं तेवढ्यावर भागत नाही. "म्हंजी तुमी हिरोची दाढी करता का?" असं विचारतात. करतो की. पण ह्या कामात करण्यापेक्षा न करणंच जास्त.

माझं नाव ज्ञानोबा. गावात मला ह्या नावानं हाक मारली तर मीसुद्धा वळून बघणार नाही. सगळ्यांना मी ग्यानबा. युसूफ वडगावात स्टँडजवळ आमचं सलून आहे. आधी वडील उभे राहायचे, मग मी, आता मुलगा राहतो. एकदा केजकडं शूटिंगवाले आले होते, त्यांचा केसांचा माणूस आजारी पडला आणि ते मला धरून घेऊन गेले. तेव्हापासून आमच्या बाजूला कुठलंही युनिट आलं की मला फोन येतो. माझा स्वभाव तापट आहे, हे सगळे जाणतात. पण हातात वस्तरा आला की मी थंड होतो. व्हावंच लागतं.

सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग काढत नाहीत, हे मलाही आधी ठाऊक नव्हतं. सकाळी लग्न काढतात, दुपारी मुलगी बघायचा कार्यक्रम काढतात, आणि ऊन कलेपर्यंत त्या जोडप्याचं पोरगं शाळेत जाऊन पहिलं येतं. का, तर शाळा त्याच दिवशी मोकळी मिळाली. कपडे बदलता येतात, केसांचं काय करता? माणूस दारातून आत येतो तो सोमवारी, आणि आत आल्यावर खाटेवर बसतो तो शुक्रवारी. मधल्या दिवसांत दाढी काय कुणाचं ऐकून थांबते का? मग मोबाइलातला फोटो बघायचा, मशीन फिरवायचं आणि शुक्रवारची दाढी परत सोमवारवर आणून ठेवायची. पडद्यावर हे कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आलं तर समजायचं, ग्यानबा चुकला.

ज्या पिक्चरबद्दल सांगायचंय, त्याच्या दिग्दर्शक एक तरुण बाई होत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. चावडीपुढं भांडण पेटतं असा एक शॉट होता. त्याला गावातली रापलेली, दाढीचे खुंट वाढलेली माणसं पाहिजे होती. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, आठवडाभर कुणी दाढी करायची नाही. माणसं शब्दाला जागली. रस्त्यात भेटली की गाल पुढं करून मला दाखवायची. शूटिंगच्या दिवशी सकाळी बघतो तर काय, सगळे गुळगुळीत! केसाला काळा रंग, गालाला पावडर, अंगात इस्त्रीचे कपडे. मी ओरडलो, "आरं, दाढ्या कुठं गेल्या?" त्यातला एकजण शांतपणे म्हणाला, "आठवडाभर न्हाई केली की. पिक्चर आज हाय ना? मग आज केली." आणि केली कुणी? माझ्याच पोरानं, माझ्याच सलूनमध्ये, पहाटे शटर उघडून. मी डोक्याला हात लावला. मॅडम मात्र ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "भांडण राहू दे. आज साखरपुडा घेऊ." हाताला जे लागेल ते घेऊन पुढं जायची त्यांची ही रीत मला तेव्हाच आवडली. पुढं तिचा फार उपयोग झाला.

पिक्चर घरगुती होता. लातूरच्या होस्टेलवरून मारामारीपायी काढून टाकलेलं एक पोरगं असतं. त्याची आई त्याला गावी आजोबापाशी आणून सोडते. पोरगा कुणाशी बोलत नाही, आजोबा बोलायचं थांबत नाही. दोघं एकमेकांना आधी सोसतात, मग हळूहळू जीव लावतात. शेवटी आजोबा जातो. आजवर कुणाचं न ऐकणारा पोरगा नदीवर येऊन आपणहून डोकं पुढं करतो. केस उतरतात आणि पिक्चर संपतो.

ह्या दोन कामांसाठी मॅडमना नट नको होते, इथलेच चेहरे पाहिजे होते. पोरगा त्यांना स्टँडवरच्या हॉटेलात सापडला. खांद्यापर्यंत केस, खाली मान, पुढ्यातला चहा गार झालेला. आजोबा बाजारात सापडला, किडकी वांगी दिली म्हणून एका बागवानाला झाडताना. मॅडमनी दोघांचे फोटो मला दाखवले. म्हणाल्या, "ग्यानबाकाका, हे दोघं आजोबा-नातू वाटतील का हो?"

मला हसावं का कपाळ धरावं कळेना. म्हणालो, "मॅडम, वाटतील काय? हायेतच! आणि दीड वर्षं झालं, एका घरात राहून एकमेकाशी बोलत न्हाईत."

आजोबा म्हणजे शेजारच्या वाडीचे दगडूआबा. पाण्याखालची चांगली शेती, ताठ कणा, तोंड फटकळ. पोरगा ओंकार, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा मुलगा. आबांचा तो मुलगा, बालाजी, माझ्या गिऱ्हाइकांतला. हसऱ्या तोंडाचा माणूस होता. शेवटचा आला तेव्हा ओंकारला घेऊन आला होता. शाळा सुरू व्हायची होती, मी सवयीनं मशीन घेतलं, तर पोरानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. त्याला केस वाढवायचे होते. मला वाटलं, आता बाप देतो एक ठेवून. तर बालाजीनं पोराच्या केसांत हात घालून ते विस्कटले आणि म्हणाला, "ग्यानबा, बाजू तेवढ्या कर. वरचे राहू दे. शोभतात त्याला." मी बाजू तेवढ्या केल्या. त्याच आठवड्यात केज रस्त्यावर बालाजीची मोटारसायकल घसरली आणि माणूस जागच्या जागी गेला.

दहावा मांजरा नदीवर होता. अशा वेळी आम्हाला बोलावणं असतं. लग्नात आमच्याकडं कुणाचं लक्ष नसलं तरी चालतं, दहाव्याला आमच्यावाचून कुणाचं चालत नाही. मी पुतण्या-भाच्यांचे केस काढले, मिशा काढल्या. मग पोराला बोलावलं. पाणी लावायला मी हात पुढं केला आणि पोरगा उठून पळाला. नदीच्या वाळूतून, उसातून, कुठं गेला ते कुणाला दिसलं नाही. भावकी हाका मारत राहिली. इकडं पिंड मांडलेला आणि कावळा शिवेना. पोराला शिकवतो म्हणून आबांनी सांगितलं, सुनंदाला, म्हणजे बालाजीच्या बायकोला, अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकून घ्यावं लागलं. गर्दीतून कुणीतरी बोललं, "पोरानं केस दिले न्हाईत, बालाजी जाणार कसा?" बोलणारा बोलून गेला. दगडूआबांच्या काळजात ते रुतून बसलं. आपला लेक अजून त्या बाभळीपाशीच अडकून पडलाय, असं त्यांच्या मनानं घेतलं. तेव्हापासून ते नातवाशी बोलले नाहीत आणि नातू त्यांच्याशी. "आबाला म्हणावं जेवायला चला," "त्याला म्हणावं मोटर बंद कर," असे दोघांचे निरोप मधल्या मधे सुनंदावहिनी पोचवायच्या.

तर अशा दोघांना मॅडम पिक्चरमध्ये घ्यायला निघाल्या. मी म्हणालो, नादी लागू नका. त्यांनी ऐकलं नाही. मला बरोबर घेऊन आबांच्या ओसरीवर बसून त्यांनी सगळी कथा सांगितली. आबांनी ती मान खाली घालून ऐकली आणि एकच विचारलं.

"शेवटी त्यो केस काढतो?"

"काढतो."

"मग करतो मी काम."

मला सोडायला ते रस्त्यापर्यंत आले. म्हणाले, "ग्यानबा, पिक्चर खोटा आसंल. वस्तरा तर खरा हाय ना तुपला?"

मी म्हणालो, "खराच की."

"मग झालं. तेवढ्यानं बी सुटंल माझं लेकरू."

ह्या माणसाला पिक्चरचं काही पडलेलं नव्हतं. लेकाचं राहून गेलेलं त्याला पुरं करून घ्यायचं होतं.

आणि ओंकार? त्यानंही अट घातली. केस कापायचे नाहीत. मॅडमनी शब्द दिला, शेवटच्या सीनला टकलाची टोपी लावू. रबराची पातळ टोपी असते, डोक्यावर ताणून बसवायची आणि कडा रंगानं मिटवायच्या. आजोबाला एक सांगितलं, नातवाला दुसरं. बाईंनी फसवलं असं मी म्हणणार नाही. केस निघतात ते पिक्चरमधल्या पोराचे, असं त्यांच्या मनात होतं. आबांच्या मनात मात्र तो पोरगा ओंकारच होता. दोघं एकमेकाशी बोलत नव्हते, म्हणून कुणाला कुणाची अट कळली नाही. टोपी बसवायचं काम माझं, तेव्हा मधल्या मधे मी लटकलो.

कामं मात्र दोघांनी अशी केली की बघत राहावं. क्यामेरा सुरू झाला की कडाकडा भांडायचे, आणि थांबला की एक पूर्वेला, एक पश्चिमेला. एका सीनमध्ये आजोबानं नुसतं "जेवलास का रे?" विचारायचं आणि पोरानं "भूक न्हाई" म्हणून निघून जायचं. कधी आवाजाची गडबड, कधी मधेच कुणाची म्हैस. तो शॉट पुन्हा पुन्हा घ्यावा लागला. आबा दर वेळी विचारायचे, "जेवलास का रे?" पोरगा दर वेळी म्हणायचा, "भूक न्हाई." दाराआड उभ्या असलेल्या सुनंदावहिनींनी पदर तोंडाला लावला होता. मला म्हणाल्या, "भाऊ, आज लई वेळा इचारलं हो त्येनी." शॉट मिळाल्यावरही आबा हातात ताट घेऊन तसेच उभे होते. कुणीतरी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

ओंकारच्या केसांचं काम रोज माझ्याकडं. तेल लाव, विंचर, फोटोशी ताडून बघ. दीड वर्षाचे केस, टोकं फुटून झाडूसारखी झालेली. मी म्हणालो, "बोटभर कापू दे बे. क्यामेऱ्यात चांगले दिसतील."

"काय बी करा काका. टोकाला कात्री न्हाई लावायची."

"कावून? टोकाला काय सोनं लागलंय?"

पोरानं टोकं मुठीत धरली. मला वाटलं, असेल कसलं तरी फॅड. "लई शाना हायेस," म्हणून मी दोन बोल सुनावले आणि सोडून दिलं.

मग आबांच्या मरणाचा दिवस आला. त्यांच्याच अंगणात तिरडी बांधली होती. मी त्यांच्या गालावर पांढरे खुंट वाढवून ठेवले होते, वरून थोडा पिवळटपणा दिला. आबा तिरडीवर चढताना विचारतात, "श्वास घेतला तर चालंल का?" सगळे हसले. एकदा निजल्यावर मात्र कुणी हसलं नाही. कापूस, हळद, फुलं, सगळं खरं होतं. सुनंदावहिनी आतून बाहेर आल्याच नाहीत. ओंकारनं यायचं, पायाला हात लावायचा आणि तिथंच बसायचं, असं ठरलेलं. तो आला, वाकला, पायाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं सरून गोठ्याकडं पळाला. मॅडमनी क्यामेरा थांबवला नाही. मी मागं गेलो. पोरगा गव्हाणीला धरून हुंदके देत होता.

"काका, पाय गार लागले आबाचे."

"आरं, शेणानं सारवलेली ओली जमीन हाय. कुणाचे बी लागतील."

"पप्पाचे बी आसंच लागलते."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

त्याच दिवशी दुपारी टोपीची चाचणी झाली आणि तिथं सगळं फिसकटलं. एवढे लांब केस दाबून वर टोपी ताणली तर पोराचं डोकं भोपळ्यासारखं दिसायला लागलं. नदीच्या उन्हात तिची कड लपणार नव्हती. मी मॅडमना सरळ सांगितलं, हे जमायचं नाही. त्या ओंकारला म्हणाल्या, "मी शब्द दिलाय. डोक्यावर टॉवेल घेऊन पाठमोरा शॉट काढू." हे आबांनी ऐकलं. तोंडावरचा रंग पुसायचा होता, तसेच तरातरा आले.

"टोपी? कसली टोपी? केस निघणार म्हणून तर मी मेलो!"

एरवी हसू फुटलं असतं. आबा थरथरत होते. पोरगा समोर उभा असून त्याच्याकडं न बघता मला म्हणाले, "ग्यानबा, इचार त्याला. बापाला आडकवून ठिवून काय मिळालं म्हणावं?"

पोराचा चेहरा पांढरा फटक पडला. टोपी ओरबाडून काढली, माझ्या हातात दिली आणि गेला. त्या दिवशी पुढं काम झालं नाही. आबांना दोन शब्द सुनावावेत असं माझ्या मनात आलं होतं, पण त्यांच्या तोंडाकडं बघून गिळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान भरत होतो तर ओंकार दारात. "काका, टोपी नको. वस्तरा घ्या."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. माझं मी."

नदीवर पोचलो तर सुनंदावहिनी आडव्या आल्या. "जित्या माणसाच्या नावानं केस काढत असत्यात का कुठं? वंगाळ असतंय ते." आबा म्हणाले, "मला काय होत न्हाई. काढू दे." आणि क्यामेऱ्याच्या मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. पिक्चरमध्ये ते मेलेले होते, त्या दिवशी त्यांना काहीच काम नव्हतं. तरी स्वच्छ धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, असे सकाळीच तयार होऊन आले होते.

जागा बालाजीच्या दहाव्याचीच. ती मॅडमनी निवडली होती, आणि त्यांना हे ठाऊकही नव्हतं. बाभूळ तीच. असल्या कामाला दुसरी संधी नसते. पाण्यात भिजलेला माणूस पुसून परत भिजवता येतो, उतरलेले केस परत लावता येत नाहीत. म्हणून दोन क्यामेरे लावले होते. नदीवरच्या न्हाव्याचं काम मलाच करायचं होतं. मला वाक्य नव्हतं, ओंकारलाही नव्हतं.

लांब केसांना आधी कात्री लावावी लागते, मग पाणी, मग वस्तरा. मी एका बाजूची बट धरली, कापली. ती वाळूत पडली. दुसरी कापली. अर्धं डोकं झालं तेव्हा ओंकारनं माझा हात धरला.

"काका, जरा थांबा. टोकं खाली पडू देऊ नका."

हे कागदावर नव्हतं. मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी बोटानं खूण केली, चालू द्या.

ओंकार म्हणाला, "त्याला पप्पाचा हात लागलाय."

आत्ता मला उमगलं. केस मुळातून वाढतात. बालाजीनं सलूनमध्ये विस्कटले ते केस दीड वर्षानं टोकाला गेले होते. तेवढे कुणी कापू नयेत म्हणून पोरगा दहाव्यातून पळाला होता, भावकीचे टोमणे खाल्ले होते, आजोबाचा अबोला सोसला होता. आणि मी त्याला विचारलं होतं, टोकाला काय सोनं लागलंय? मला स्वतःची लाज वाटली. वस्तरा घेऊन आम्ही सगळे त्याच्या मागं लागलो, पण थांबून कुणी विचारलं नाही.

एवढ्यात मागं खुर्ची सरकली. कुणीतरी दबक्या आवाजात "आबा, आबा" म्हणालं. आबा थांबले नाहीत. दोन क्यामेरे चालू असताना मेलेला आजोबा चालत चालत फ्रेममध्ये आला, आमच्यापाशी वाळूत उकिडवा बसला, पडलेल्या बटा वेचल्या, आणि खांद्यावरचं उपरणं ओंकारच्या डोक्याखाली पसरून धरलं.

"ह्यात टाक," मला म्हणाले. मग पोराकडं वळले. दीड वर्षात पिक्चरबाहेर त्याच्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. "मला कावून सांगितलं न्हाईस रं?"

"तुमी इचारलं न्हाई."

आबांच्या हनुवटीला कंप सुटला. मग म्हणाले, "चुकलं माझं. आता इचारतो. काढायचे का ठिवायचे? तू म्हणशील तसं. बालाजीचं मी बघतो."

ओंकारनं डोक्यावरून हात फिरवला. एका बाजूला काही नाही, एका बाजूला खांद्यापर्यंत झुलपं. रडत होता, तरी त्याला हसू आलं. "आता काय ठिवता आबा! निम्मे तर गेले."

आबाही हसले. रडता रडता हसताना म्हातारा माणूस फार केविलवाणा दिसतो. ओंकार म्हणाला, "काढा काका. पप्पाच्या नावानं काढा."

मी काढले. एक केस वाळूत पडू दिला नाही. आबांनी शेवटपर्यंत उपरणं हलू दिलं नाही. झाल्यावर गाठ मारून ते पोराच्या हातात दिलं. पोरगा आपला आपण पाण्यात शिरला आणि सोडून आला. तो परत आल्यावर आबांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून त्याच्या गोट्यावर ठेवली. उघड्या डोक्यानं त्यांना गावात कुणी बघितलेलं नव्हतं. "घाल," म्हणाले, "ऊन लागंल." सुनंदावहिनी बाभळीखाली बसल्या आणि मोकळ्या रडल्या. कावळ्यांकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

मॅडमचा हाताखालचा पोरगा घाबराघुबरा झाला होता. "मॅडम, आजोबा मेलेत ना? ते नदीवर कसे आले? हे लावायचं कसं?" मॅडमनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग त्यांना मारायला नको होतं." त्यांनी पिक्चरचा शेवट फिरवला. आजोबा वाचला, पोराचा बाप आधीच गेलेला ठरला, आणि जे झालं ते तसंच्या तसं शेवटी लावलं. पुढं काही नव्यानं काढावं लागलं. गोटा झालेल्या पोराला मी गंगावन जोडून जुन्या मापाचे केस करून दिले. पिक्चर बघितलात तर ते ओळखून दाखवा.

केजच्या मंगल कार्यालयात गावासाठी पिक्चर दाखवला. आबा पहिल्या रांगेत, शेजारी ओंकार. संपल्यावर बायका डोळे पुसत होत्या आणि आबा मॅडमशी भांडत होते. "मी एवढं झ्याक मरून दाखवलं, त्ये कुठं गेलं?" मॅडम म्हणाल्या, "आबा, कापलं ते." आबा म्हणाले, "कापायला तुमाला तेवढंच सापडलं व्हय?"

मॅडमचे फोन येतात. मी आता लांबची कामं घेत नाही, पाय उभं राहू देत नाहीत. मुलगा बाहेरगावी गेला की मी सलूनमध्ये उभा राहतो तेवढाच.

परवा असाच उभा होतो. ओंकार अंबाजोगाईला कॉलेजात आहे, सुट्टीला आला होता. केस चांगले दाट वाढलेत. आबा त्याला घेऊन आले आणि बाकड्यावर पेपर उघडून बसले. मी पोराच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि सवयीनं विचारलं, "काय करायचं?"

ओंकार काही बोलायच्या आत आबांनी पेपर खाली न करताच सांगितलं, "बाजू तेवढ्या कर ग्यानबा. वरचे राहू दे. शोभतात त्याला."

मी मान वर केली. बालाजीचं हे बोलणं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आरशात ओंकार माझ्याकडं बघत होता. त्यानं नुसती मान हलवली, मीही सांगितलं नाही, तुम्हीही आबांना सांगू नका म्हणून. मी बाजू तेवढ्या केल्या.